घशाची दुर्बीण तपासणी: डॉक्टरांना पाच तारे, माहितीपत्रकाला एक

आवाज बसला तो तीन आठवडे उलटले तरी सुटेना, म्हणून नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे दुर्बिणीची तपासणी करून घेतली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण थोडी तक्रारही आहे.

तपासणीचा बाऊ करू नका. नाकात बधिर करणारा फवारा मारतात आणि पातळ नळी नाकातूनच आत सरकवतात. डॉक्टर "ई म्हणा" म्हणाले, तेव्हा पडद्यावर माझेच स्वरतंतू जवळ येताना दिसले. दुखलं नाही. फवारा मात्र कडू आहे, आणि बधिरपणा उतरेपर्यंत पाणी पिऊ नका, ठसका लागतो.

पाच तारे आहेत ते डॉक्टरांच्या प्रश्नांना. मी विडी-सिगारेट ओढत नाही म्हटल्यावर आधीचे डॉक्टर "मग कसली काळजी" म्हणून मोकळे झाले होते. ह्यांनी विचारलं, काम काय करता? मी बॅटरीच्या कारखान्यात, चार्जिंग खात्यात. तिथे सल्फ्युरिक ॲसिडचे बारीक तुषार हवेत असतात. अशा तीव्र ॲसिडच्या तुषारांचा स्वरयंत्राच्या कर्करोगाशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९२ मध्येच छापलंय म्हणे. इतकी वर्षं त्या खात्यात काढली, कुणी बोललं नाही! स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या कारणांच्या यादीत ॲस्बेस्टॉसचंही नाव आहे. तंबाखू अर्थातच सगळ्यात वर. आणि तंबाखूच्या जोडीला दारू असली तर दोन्ही धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, त्याहून बरंच जास्त होतं.

टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगाची गोष्ट वेगळी. तिथे एचपीव्ही नावाचा विषाणू, त्यातही १६ नंबरचा प्रकार, कारण असू शकतो, मग माणूस सिगारेट ओढणारा असो वा नसो. मानेवर न दुखणारी गाठ, हेच कधीकधी पहिलं लक्षण. ह्या विषाणूवर लस आहे, ती लहान वयातच घेतलेली बरी.

आता तक्रार. निघताना हातात ठेवलेल्या माहितीपत्रकावर जळती सिगारेट आणि कवटी, बस्स! ॲसिड, एचपीव्ही, लस, कशाचाच पत्ता नाही. माझ्यासारख्याला ते वाचून वाटणार, हे आपल्यासाठी नाहीच.

माझ्या स्वरतंतूंना सूज निघाली, गाठ नाही. जाणार असाल तर एक करा: फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात रिसेप्शनवाले नुसतं 'नोकरी' लिहितात. ते खोडून खातं कुठलं आणि हाताळता काय, ते लिहायला लावा.