विटांची उघडी भिंत : गिलावा की जिप्सम बोर्ड?
बडोद्यातील दांडिया बाजारातल्या जुन्या घराचा फुगलेला गिलावा काढल्यावर आमच्या काकूंपुढे हा पेच उभा राहिला.

गिलाव्यापूर्वीची मेहनत अधिक आहे : विटांमधले सांधे सुमारे १० मिमी खोल खरवडावे, धूळ तारेच्या ब्रशने झाडावी आणि भिंत नीट भिजवावी, कारण कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि गिलावा सुटून पोकळ वाजू लागतो. पुढे किमान ७ दिवस पाणी मारावे लागते.

भिंतीवर चौकट उभारून तिच्यावर बसवायच्या जिप्सम बोर्डाला (कागदाच्या दोन थरांमध्ये जिप्सम असलेल्या तयार फळीला) सांधे खरवडणे वा भिजवणे लागत नाही, काम लवकर उरकते. मात्र ओल आधी मुळापासून थांबवलीच पाहिजे, कारण बोर्ड ती केवळ झाकतो. खोलीही थोडी अरुंद होते.

न्हाणीघरालगतच्या भिंतीला मी गिलावाच सुचवेन. वरच्या मजल्यावरील कोरड्या खोलीत लवकर राहायला जायचे असल्यास बोर्ड योग्य.