बडोद्याच्या विद्यापीठातली खुली व्याख्यानं: कुठे जावं, काय ऐकावं

महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या बहुतेक व्याख्यानांना बाहेरच्या माणसालाही जाऊन बसता येतं, हे बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांना ठाऊकच नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली आपली माणसं नाटकाला जातात, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांना हौसेनं जातात. पण स्टेशनसमोरच्या त्या मोठ्या घुमटाकडे बोट दाखवून ‘ते कॉलेजच्या मुलांचं’ म्हणतात आणि घरी येतात. मी शाळेत इतिहास शिकवत असे. नोकरी सुटल्यावर वेळ मिळू लागला, तेव्हापासून ही व्याख्यानं ऐकतेय आणि मला ती फार मोलाची वाटतात. तिकीट नाही, बहुतेक ठिकाणी नावनोंदणीही नाही. मागच्या रांगेत जाऊन बसायचं.

माझ्या यादीत सगळ्यांत वर पुरातत्त्व विभाग. शामळाजीजवळचा देवनीमोरीचा बौद्ध स्तूप याच विभागानं १९६०च्या सुमारास खणून काढला आणि तिथे सापडलेला अस्थिकरंडकही विद्यापीठानंच जपला आहे. इथले वक्ते जे सांगतात ते बहुतेक वेळा त्यांनी स्वतः मातीतून उचललेलं असतं, त्यामुळे बोलणं कधी हवेत जात नाही. हडप्पाकालीन शंखकामावरचं एक व्याख्यान मी विसरणार नाही. कच्छच्या आखाताच्या काठावर नागेश्वर आणि बगसरा ही दोन ठिकाणं आहेत. दोन्हीकडे या विद्यापीठानं उत्खनन केलं आणि दोन्हीकडे शंखाच्या बांगड्या करणाऱ्यांच्या कामाच्या जागा सापडल्या. बांगडी कशी व्हायची ते वक्त्यांनी पायरीपायरीनं दाखवलं. आधी शंखाचं टोक फोडायचं, आतला मधला दांडा मोकळा करायचा, मग काशाच्या करवतीनं आडवे काप घ्यायचे आणि प्रत्येक कडं दगडावर घासून गुळगुळीत करायचं. पण शंख मुळात वळत जाणारा, त्यामुळे कडं पूर्ण गोल होत नाही. वळ्याचा जोड येतो तिथे एक ओबडधोबड जागा राहतेच. त्या कारागिरांनी नेमकी तिथेच बाणाच्या टोकासारखी खूण कोरली. पडद्यावर एकामागून एक बांगड्या येत होत्या आणि प्रत्येकीवर ती खूण जोडाच्याच जागी होती. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात इतका जवळून मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात पाहिला नव्हता, आणि वर्षानुवर्षं हडप्पा मुलांना मीच शिकवत होते.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा माझी भाची कुजबुजली, “मावशी, मधल्या दांड्याचं काय करत असतील? टाकून देत असतील का?” मी म्हटलं, “मला काय विचारतेस, त्यांना विचार.” ती विज्ञान शाखेची, इतिहासाच्या लोकांसमोर उठायला लाजत होती. शेवटी उठली. टाकून देत नसत. त्याचे मणी करत, जडावाचे तुकडे करत, हे वक्त्यांनी सांगितलं आणि लगेच मागची एक चित्रफीत पुन्हा लावून दाखवलं. पुढची काही मिनिटं सगळं सभागृह त्या दांड्याबद्दलच बोलत होतं.

म्हणूनच माझं सांगणं असं, की व्याख्यानाला जायचं ते प्रश्नोत्तरांसाठी. पुष्कळ लोक टाळ्या झाल्या की उठतात आणि नेमकी खरी गोष्ट सोडून जातात. तयार भाषण वक्त्यानं दहा ठिकाणी दिलेलं असतं, उत्तर मात्र त्या क्षणाचं असतं. शहरातल्या दुसऱ्या एका सभागृहात मी मोठ्या आशेनं गेले होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्यांचाही परिचय. इतिहासाच्या चांगल्या अभ्यासकाला शेवटी जेमतेम वीस मिनिटं मिळाली आणि ‘वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत’ अशी घोषणा झाली. घरी येताना मला खरंच वाईट वाटलं, त्या अभ्यासकासाठी जास्त. विभागातली लहान व्याख्यानं मला आवडतात ती याचसाठी. तीस-चाळीस माणसं, एक पडदा, आणि हात वर केला की वक्त्याला दिसतो.

विद्यापीठाच्याच प्राच्यविद्या मंदिराची, म्हणजे जुन्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्या संस्थेची, गोष्ट वेगळी. १९२७ साली सुरू झालेली ही संस्था, आणि तिची गायकवाड प्राच्य ग्रंथमाला तर त्याहून जुनी; राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ हा काव्यशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ तिचा पहिला, तो १९१६ साली निघाला. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती इथेच तयार झाली आणि १९६० ते १९७५ या काळात सातही कांडं प्रसिद्ध झाली. देशभरातल्या हस्तलिखितांत एकच श्लोक कसा वेगवेगळा सापडतो, त्यातला कोणता पाठ वर घ्यायचा, कोणता तळटीपेत ठेवायचा, अशा चर्चा तिथे ऐकायला मिळतात. इथे कीर्तनाचा रंग शोधू नका. संथ, बारीक, कधी जड जाणारं काम आहे. थोडं संस्कृत येत असेल तरच आनंद मिळेल, नाहीतर तासाभरात कंटाळा येईल, हे मोकळेपणानं सांगते. मला स्वतःला ते आवडतं.

ललित कला विभागाबद्दल मी थोडंच लिहिते, कारण चित्रकलेतलं मला कमी कळतं. चित्रकार ना. श्री. बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधुरी, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी घडवलेली ही जागा आहे, एवढं पुरे. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं वार्षिक प्रदर्शन मात्र चुकवू नका. तिथे प्रत्येक विद्यार्थी आपल्या कामाशेजारीच उभा असतो आणि विचारलं की मनापासून सांगतो.

विज्ञानाच्या व्याख्यानांना भाची मला घेऊन जाते. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ मध्ये याच विद्यापीठातून भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं आणि २००९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वक्ता चांगला असेल तर निम्मं तरी कळतं, आणि उरलेलं परतताना भाची रिक्षात समजावते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मात्र सुरसागरजवळच्या संगीत विभागापासून सुरुवात करावी. १८८६ साली गायक मौलाबक्षांनी सयाजीरावांच्या आश्रयानं सुरू केलेल्या संगीतशाळेचा हा वारसा. इथली सप्रयोग व्याख्यानं ऐकायला कोणत्याच शास्त्राची पूर्वतयारी लागत नाही, कान पुरतात. मारवा आणि पूरिया या दोन रागांचे स्वर तेच, मग राग दोन कसे, हे एकदा गायिकेनं गाऊन दाखवलं. मारव्यात ती कोमल ऋषभावर आणि धैवतावर थांबत राहिली, षड्जावर येईचना, आणि खोलीत एक हुरहुर भरून राहिली. मग त्याच स्वरांत गंधार-निषादावर विसावली आणि पूरिया उभा राहिला. शेजारच्या आजोबांनी “पुन्हा एकदा म्हणा” म्हटलं आणि तिनं आनंदानं पुन्हा गायलं.

इंग्रजीची भीती अनेकांना अडवते. विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी आहे, त्यामुळे व्याख्यानंही बहुतेक इंग्रजीतच होतात. पण प्रश्न हिंदीत किंवा गुजरातीत विचारला म्हणून कोणी तोंड वाकडं केलेलं मी पाहिलेलं नाही. मराठी विभागही आहे, तिथे तर आपल्याच भाषेत बोलता येतं.

तारखा कळायला सोपा उपाय म्हणजे कला शाखेतले आणि त्या त्या विभागातले सूचनाफलक अधूनमधून बघून यायचे. स्टेशनवरून चालत पाच-दहा मिनिटं. विभागाच्या कार्यालयात विचारलं तरी सांगतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सर्वांत चांगले, परीक्षा जवळ आल्या की कार्यक्रम कमी होतात. वेळेआधी पंधरा मिनिटं पोचा आणि पडदा नीट दिसेल अशी कडेची खुर्ची धरा. सोबत वही न्या. शाळेत शिकणारं मूल घरात असेल तर त्यालाही न्या, पुरातत्त्व विभागात तर नक्कीच.