कानाखालची गाठ: बारीक सुई, जाड सुई की थेट ऑपरेशन?

कानाच्या पाळीखाली किंवा जबड्याखाली न दुखणारी गाठ हाताला लागली, की डॉक्टर बहुधा सोनोग्राफी आणि एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) लिहून देतात. घरात लगेच कुणीतरी म्हणतं, "गाठीला सुई लावू नका, पसरेल." गाठ लाळग्रंथीची असेल, तर बारीक सुईने ती पसरणं अत्यंत विरळ आहे. भ्यायचंच असेल तर पॅरोटिडची (कानाजवळच्या मोठ्या लाळग्रंथीची) गाठ चाकूने अर्धवट कापून तुकडा काढण्याला भ्यावं. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते. शिवाय प्लिओमॉर्फिक अॅडेनोमाचं (लाळग्रंथीतल्या कर्करोग नसलेल्या एका नेहमीच्या गाठीचं) आवरण फुटून पेशी सांडल्या, तर काही वर्षांनी तिथे अनेक गाठी उगवू शकतात. म्हणून हा मार्ग सुरुवातीलाच बाजूला ठेवू.

एफएनएसीची सुई 22 ते 25 गेजची (गेजचा आकडा मोठा, तितकी सुई बारीक), म्हणजे साध्या इंजेक्शनएवढी. भूल सहसा लागत नाही, काम काही मिनिटांत होतं. काचपट्टीवर पेशी पसरतात, रंग देतात आणि रिपोर्ट बहुधा एक-दोन दिवसांत मिळतो. कोअर बायोप्सीची सुई जाड, साधारण 18 गेजची. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत ती घालतात आणि शेवईसारखा तुकडा निघतो. त्यात ऊतींची रचना दिसते, इम्युनो तपासण्याही (पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या खास रंगांच्या चाचण्या) करता येतात. मात्र वेळ आणि खर्च वाढतो, रक्त साकळण्याची शक्यता थोडी जास्त.

मग आधी काय? माझं मत बारीक सुईच्या बाजूने आहे. पॅरोटिडच्या दहापैकी सात-आठ गाठी कर्करोगाच्या नसतात आणि त्यांतल्या नेहमीच्या दोन गाठी ही सुई चांगल्या ओळखते: प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा आणि धूम्रपान करणाऱ्यांत जास्त दिसणारा वॉर्थिन ट्यूमर. हृदयविकार असलेल्या सत्तरीतल्या माणसाला वॉर्थिन निघाला, तर ऑपरेशन टाळून नुसती नजर ठेवता येते. आपल्याकडे आणखी एक फायदा: पॅरोटिडमधली लसिकाग्रंथी टीबीनेही सुजते. सुईने काढलेल्या द्रवावर टीबीची तपासणी होते, आणि निदान झालं तर उपचार गोळ्यांनी, चाकूने नाही.

आता कमकुवत बाजू. म्युकोएपिडर्मॉइड या लाळग्रंथीच्या कर्करोगाच्या कमी आक्रमक (लो-ग्रेड) प्रकारात बऱ्याचदा पाण्याची पोकळी असते. सुईत नुसतं पाणी किंवा चिकट द्रव आला, तर रोग निसटतो. रिपोर्टमध्ये 'फक्त सिस्टचा द्रव' असं लिहिलंय आणि गाठ तशीच आहे, तर निश्चिंत होऊ नका. सोनोग्राफीत बघून घट्ट भागातून पुन्हा नमुना घ्यायला सांगा. दुसरी अडचण बेसल पेशींसारख्या दिसणाऱ्या गाठींची. त्या आवरण भेदून आजूबाजूला घुसल्यात का, हे सुटलेल्या पेशींवरून कळत नाही. इथे कोअरही अनेकदा अपुरी पडते, कारण तुकड्यात गाठीची कड असेलच असं नाही. शेवटचा निकाल अख्खी गाठ काढल्यावरच लागतो.

रिपोर्ट मिलान पद्धतीने लिहिला असेल (लाळग्रंथीच्या सुई-रिपोर्टची 2018 पासूनची सहा गटांची मांडणी), तर त्यातला आकडा बघा. 4अ म्हणजे सौम्य गाठ, कर्करोगाची शक्यता 5 टक्क्यांहून कमी. 4ब म्हणजे गाठ नक्की, स्वभाव अनिश्चित; 2018 च्या आवृत्तीनुसार शक्यता साधारण 35 टक्के. 4ब वाचून लॅबला नावं ठेवू नका, तो प्रामाणिक रिपोर्ट आहे. पहिल्या गटात, म्हणजे नमुना अपुरा असेल, तर सुई पुन्हा. तेही जमलं नाही तर कोअर. लिम्फोमाचा (लसिकापेशींच्या कर्करोगाचा) संशय असेल तर कोअर किंवा त्याहून मोठा नमुना लागतो.

तोंडातल्या टाळूवरच्या गाठीचं गणित उलटं. तिथल्या छोट्या लाळग्रंथींत कर्करोगाचं प्रमाण बरंच जास्त आणि तुकडा घेणंही सोपं, त्यामुळे तिथे सुईचा आग्रह धरू नये.

ऑपरेशन चालू असताना केलेला फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून तिथल्या तिथे केलेली तपासणी) काढलेल्या गाठीच्या कडा आणि मानेच्या लसिकाग्रंथी तपासायला उपयोगी, पण तो आधीच्या सुईची जागा घेत नाही. आणि चेहरा एका बाजूला वाकडा होत असेल, गाठ झपाट्याने वाढत असेल, दुखत असेल किंवा कातडीला चिकटली असेल, तर सुईचा रिपोर्ट 'सौम्य' आला तरी डॉक्टरांना पुन्हा विचारा. दुसरं मत घ्यायला निघालात तर नुसता कागद नको, लॅबमधून काचपट्ट्या मागून सोबत न्या.