मारबतीच्या पानाला वाचक मिळवून देणारं गुगल सर्च कन्सोल

नागपुरात एसईओ, म्हणजे गुगलसारख्या सर्चमध्ये आपली साइट वर आणणं, शिकवणारे क्लास आता जागोजागी झालेत. छोटी, स्वतःची साइट असेल तर फी भरण्याआधी गुगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन, वापरून बघा, असं मी भेटेल त्याला सांगते. एक तर ते फुकट आहे, आणि त्यात शिकायला उदाहरणं आपल्याच पानांची मिळतात.

माझी साइट नागपूरच्या सणांवर आहे, त्यातही जास्त करून मारबतीवर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर. साइट आपलीच आहे हे पटवायला एक कोड होमपेजमध्ये टाकायचा आणि साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्यायचा. एवढं झालं की बाकी सगळा वेळ 'परफॉर्मन्स' रिपोर्टला द्या. लोकांनी काय शोधलं, आपलं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं, सरासरी कितव्या नंबरवर होतं, सगळं तिथे आहे.

माझ्याकडे 'मारबत कधी आहे' हा प्रश्न सगळ्यांत वर होता. पान दिसायचं खूप, उघडायचे मोजकेच. इतवारीतली गर्दी, काळी आणि पिवळी मारबत, बडगे (मारबतीसोबतचे पुतळे) असं सगळं पानावर होतं, तारीख मात्र पार तळाशी. मग टायटलमध्येच 'पोळ्याचा दुसरा दिवस' आणि त्या वर्षीची तारीख घातली, पहिल्या वाक्यात सरळ उत्तर दिलं. पुढच्या पोळ्याला त्याच प्रश्नावरून येणारे वाचक स्पष्ट वाढले. लोक घरून निघायच्या घाईत विचारत असतात, त्यांना आधी दिवस सांगायला हवा. इतिहास ते नंतर वाचतात, आणि आवडीनं वाचतात!

सर्च टाइप बदलून 'इमेज' केलं की फोटोंवरून कोण आलं तेही कळतं. बडग्यांच्या फोटोंना नीट ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) लिहायची गोडी मला तिथूनच लागली.

उणिवाही आहेत. फार कमी लोकांनी शोधलेले शब्द गोपनीयतेसाठी लपवले जातात, आणि छोट्या साइटला नेमके तेच हवे असतात. पान गुगलच्या यादीत घ्या, अशी विनंती करणारं 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबलं म्हणजे पान गुगलमध्ये आलंच, असंही नाही.

तरी ऐकीव सल्ल्यापेक्षा हे बरं. इथल्या एका क्लासात अजून मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमधल्या टॅगमध्ये द्यायची शब्दांची यादी) भरायला शिकवतात. क्रमवारीसाठी तो टॅग वापरत नाही, हे गुगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय. शिकायला येणाऱ्या पोरांचे पैसे असे जाताना बघून जीव तुटतो.

सणावारांवर लिहिणाऱ्यांना एक सांगते. रिपोर्टमध्ये मागचे १६ महिनेच दिसतात. दोन पोळ्यांची तुलना करायची असेल तर पोळा झाल्यावर दिवाळीच्या आत करा, आणि एक्स्पोर्ट करून आकडे आपल्याजवळ ठेवा.