रात्रपाळीला कोण आहे, हे आधी विचारावे: एका असिस्टेड लिव्हिंग केंद्रातील चौदा महिने

पुण्याच्या वेशीवरील एका खासगी असिस्टेड लिव्हिंग केंद्रात माझी आई गेले चौदा महिने राहते आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे ज्या तक्रारी येणार आहेत त्या मी व्यवस्थापनाला लेखी दिल्या आहेत आणि त्यांतील काहींची दखलही घेतली गेली आहे. शिवाय अशीच इमारत, असेच गुळगुळीत माहितीपत्रक आणि थोड्याफार फरकाने असेच दर असलेली केंद्रे आता पुण्याच्या आसपास पुष्कळ झाली असून, त्यांपैकी कुठेही आईवडिलांना ठेवण्याचा विचार करणाऱ्याला हा अनुभव उपयोगी पडावा, एवढाच हेतू आहे.

आई ७९ वर्षांची आहे. साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने ऑपरेटर म्हणून नोकरी केली आणि नंतर खात्याच्या हिशेब विभागातून ती निवृत्त झाली. चार वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. पहिली अडीच वर्षे आम्ही तिला घरीच सांभाळले. त्यातल्या शेवटच्या पाच महिन्यांत घरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या तीन बायका बदलल्या, एकदा गॅस रात्रभर चालू राहिला, आणि शेवटी न्हाणीघरात पडून तिच्या मनगटाचे हाड मोडले, तेव्हा निर्णय घ्यावा लागला. आमच्या नात्यात अजूनही ‘आईला वृद्धाश्रमात टाकले’ असेच म्हणतात. त्या ‘टाकले’बद्दल मी आता वाद घालत नाही. मात्र दोन्हींत फरक आहे. बहुतेक वृद्धाश्रम स्वतःचे स्वतः करता येणाऱ्यांनाच घेतात. अंघोळ, संडास, औषधे आणि खाणे यांपैकी एकाला जरी दुसऱ्याचा हात लागू लागला, की तेथून हलवायला सांगतात. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे त्या दुसऱ्याच्या हाताचे पैसे मोजणे, आणि म्हणून परीक्षणही त्या हाताचेच व्हायला हवे. संगमरवरी व्हरांड्याचे, तुळशीवृंदावनाचे आणि स्वागतकक्षातल्या मत्स्यपेटीचे परीक्षण करण्यात आम्ही पहिल्या भेटीतला पाऊण तास घालवला, याची मला आजही लाज वाटते.

खर्चाचे थोडक्यात सांगते. दोघींच्या खोलीचे महिन्याला ४२,००० रुपये आणि परत मिळण्याजोगी एक लाखाची अनामत, असे सांगितले होते. डायपर, हातमोजे, फिजिओथेरपी आणि एअर मॅट्रेसचे भाडे धरून प्रत्यक्ष बिल ५१,००० ते ५४,००० रुपयांच्या दरम्यान येते. आयकर कायद्याखाली नोंदणी झालेल्या सेवाभावी संस्थेने चालवलेल्या वृद्धाश्रमाला, राहणे-जेवण-देखभाल मिळून दरमहा शुल्क २५,००० रुपयांपर्यंत असेल तर, ६० वर्षे व त्यावरील रहिवाशांपुरती जीएसटीची सूट २०१८ साली देण्यात आली. खासगी केंद्राच्या बिलात तो कशावर लावला आहे, हे मात्र प्रत्येकाने एकदा बसून पाहावे, कारण आमच्या पहिल्या तीन बिलांत तो तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लावला होता.

जेवण चांगले आहे आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सकाळी गुरगुट्या भात आणि मेतकूट, संध्याकाळी पावणेसातला मुगाची खिचडी किंवा दुधात कुस्करलेली भाकरी, असे वयाला आणि दातांना झेपणारे अन्न गरम मिळते. दिवसपाळीच्या मावशी घास भरवताना घाई करत नाहीत, हे मी न सांगता जाऊन अनेकदा पाहिले आहे.

मग मागच्या श्रावणात आईने जेवणे सोडले. चार दिवस ती घास तोंडात धरून बसायची आणि थुंकून टाकायची. केंद्रातून फोन आला, की या आजारात असे होते, गिळणे विसरतात, डॉक्टरांशी बोलून नळीचा विचार करावा लागेल. मी रविवारी गेले, तिला चमच्याने ताक पाजायचा प्रयत्न केला, तेव्हा ती हिरडीला बोट लावून कळवळली. तोंडात पाहिले तर वरची कवळी डावीकडे टेकतच नव्हती. काढून पुसली, तर ती आईची नव्हती. आईच्या कवळीच्या उजव्या सुळ्याशी एक बारीक टवका उडालेला आहे. या कवळीला तो नव्हता. शेजारच्या पलंगावरच्या काकूंच्या उशाशी डबी होती, तिच्यात आईची कवळी सापडली. त्या काकू डाळीच्या पाण्यावर असल्याने त्यांच्या बाजूने कोणाच्या काही लक्षातच आले नव्हते.

हा प्रसंग मी इतक्या तपशिलाने सांगते आहे तो केंद्राला दोष देण्यासाठी नव्हे. दोन सारख्या गुलाबी डब्या एका बेसिनवर धुतल्या तर अदलाबदल माझ्या घरीही झाली असती. प्रश्न पुढच्या चार दिवसांचा आहे. खाणे बंद झाल्यावर तोंड उघडून पाहावे, हे एकाही पाळीला सुचले नाही, कारण ‘आजार वाढला’ हे उत्तर तयार होते. स्मृतिभ्रंशाच्या माणसाच्या बाबतीत हे उत्तर नेहमीच तयार असते आणि ते कधीच पूर्ण चूक नसते, म्हणूनच ते घातक आहे. मेट्रनबाईंनी मात्र टाळाटाळ केली नाही. त्यांनी चूक मान्य केली, नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक डबीवर, चष्म्याच्या घरावर आणि कानाच्या यंत्राच्या पेटीवर चिकटपट्टी लावून नावे घातली. आईच्या हिरडीवरील जखमेच्या औषधांचे ८४० रुपये मात्र पुढच्या बिलात आलेच.

भेटीची वेळ रविवारी दहा ते एक अशी असल्यामुळे तेथे आम्हा नातेवाइकांचे एक मंडळच तयार झाले आहे. व्हरांड्यात बाक आहेत, तेथे डबे उघडतात आणि केंद्राचे खरे परीक्षण रोजच्या भाषेत तेथेच चालते. त्यातील दोन कुटुंबांचे अनुभव, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख झाकून, येथे देते.

एका गृहस्थांचे वडील खुब्याचे ऑपरेशन झाल्यावर येथे आले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, कारण माकडहाडाशी आणि टाचांशी सततच्या दाबाने रक्त पोहोचत नाही आणि कातडी आतून मरू लागते. वरून दिसतो तो केवळ लालसर डाग, जो बोटाने दाबूनही पांढरा पडत नाही. त्या डागाच्या अवस्थेत लक्ष दिले तर बहुधा निभावते. या गृहस्थांना डाग दिसला नाही, वास आला. पाठ उघडून पाहिली तेव्हा जखम रुपयाच्या नाण्याएवढी होती. नोंदवहीत मागच्या नऊ दिवसांत रात्रीच्या प्रत्येक दोन तासांसमोर ‘कूस बदलली, पाठ ठीक’ असे होते, एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिल्यासारखे. त्यांनी वहीच्या पानांचे फोटो काढून संचालकांसमोर ठेवले. त्यानंतर रात्रीच्या नोंदी वेळच्या वेळी होतात की नाही, हे पाहायला पर्यवेक्षक येऊ लागला. जखम भरायला अडीच महिने लागले.

तेव्हापासून वही कशी वाचायची हे मी शिकले आहे. जिच्यात सगळे ‘ठीक’ आहे त्या पानावर मी विश्वास ठेवत नाही. ‘रात्री १ वा. ४० मि. पलंगावरून उतरल्या, धरून बसवले, गुडघ्याला खरचटले, मलम लावले’ असे जिथे लिहिलेले आढळते, त्या पाळीवर माझा भरवसा बसतो.

दुसरे कुटुंब न्यू जर्सीत असते. मुलगा तिथल्या सकाळी, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सातच्या सुमाराला, आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉल करतो. त्याच्या आईची वेणी घातलेली असते, कपाळाला कुंकू असते, त्या हसतात. हे सगळे मन लावून केले जाते आणि मला त्यात नाटक दिसत नाही. पण फोनमध्ये छातीपर्यंतच दिसते. त्यांच्या पावलांवर सूज चढून चपला होईनाशा झाल्या होत्या, हे त्याला कळले ते व्हरांड्यातील आमच्यापैकी एकीने कळवल्यामुळे. तेव्हापासून तो प्रत्येक कॉलमध्ये ‘आता पाय दाखवा’ असे म्हणतो. परदेशी असलेल्या इतरांनीही तेच म्हणावे.

आता रात्रीकडे येते, कारण या केंद्राला किती गुण द्यावेत, याचे उत्तर माझ्या मते रात्रीच्या आठनंतर ठरते. दिवसा आमच्या मजल्यावर चौदा जणांमागे चार मावशी, एक मामा आणि जी. एन. एम. ही परिचर्येची पदविका घेतलेली एक परिचारिका असते. रात्री त्याच चौदा जणांमागे दोन मावशी उरतात, आणि परिचारिका तीन मजले मिळून एक. प्रवेशाच्या वेळी आम्हाला सांगितलेले प्रमाण अर्थातच दिवसाचे होते. आम्हीही रात्रीचे विचारले नाही. पाळी बारा तासांची असते, मुली हिंगोली, नांदेड, लातूरकडून आलेल्या असतात, आणि चौदा महिन्यांत रात्रपाळीचे सहा चेहरे मी पाहिले.

त्यांतली एक मावशी नऊ महिने टिकली. आई रात्री दोनच्या सुमाराला उठून बसते आणि तिला एक्स्चेंजमध्ये ड्यूटी असते. ‘कुठला नंबर हवा?’ असे ती विचारत राहते, कोल्हापूरची लाइन मागते, कोणाचा तरी लाइटनिंग कॉल, म्हणजे सर्वांत तातडीचा ट्रंक कॉल, खोळंबला आहे म्हणून पलंगावरून उतरू पाहते. आधीच्या मुली तिला ‘आजी, झोपा आता, इथे फोनबिन नाही’ असे म्हणायच्या, आणि आई चिडून हात झटकायची. या मावशीने पहिल्या आठवड्यात मला फोन करून विचारले, की तुमच्या आई कसल्या लाइनबद्दल बोलतात? मी सांगितले. त्यानंतर ती उशाशी बसून शांतपणे म्हणू लागली, ‘बाई, लाइन बिझी आहे. लागली की उठवते.’ आई ‘बरं’ म्हणून आडवी व्हायची. ‘आजी’ऐवजी ‘बाई’ म्हणायचे, हेही तिचे तिनेच ठरवले होते. एक्स्चेंजमध्ये आईला सगळे बाईच म्हणत, हे मी तिला सांगितलेले नव्हते.

फेब्रुवारीत आई अचानक फार बिथरली. दोन दिवसांत ती दिवसाही कोणाला ओळखेना, भिंतीवरून मुंग्या चालल्या आहेत म्हणू लागली. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांनी फोनवरच रात्रीची गोळी दुप्पट करायला सांगितली, आणि मला ते गोळी दिल्यानंतर कळवण्यात आले. याच मावशीने मला स्वतःच्या फोनवरून सांगितले, की ताई, बाईंच्या लघवीला वेगळा वास येतोय आणि रात्रीतून आठ वेळा डायपर ओला होतोय, तुम्ही तपासणी करायला सांगा. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. वृद्धांमध्ये लघवीच्या संसर्गाने ताप न येता नुसता भ्रम वाढू शकतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले माहीत आहे. पण ते त्या मजल्यावर त्या रात्री फक्त तिलाच सुचले. प्रतिजैविके सुरू केल्यावर सहा दिवसांत आई पूर्वीइतकी झाली आणि दुप्पट केलेली गोळी आम्ही पूर्ववत करून घेतली. नातेवाइकांना विचारल्याशिवाय झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या औषधाची मात्रा बदलू नये, असे मी लेखी मागितले आणि ते मिळाले. प्रवेशाच्या दिवशीच मागायला हवे होते.

अशा केंद्रांवर सरकारी देखरेख कितपत आहे, असे बाकावर पुष्कळ जण विचारतात. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात निर्वाह भत्ता आहे, मुलांच्या नावावर केलेली मालमत्ता विशिष्ट परिस्थितीत परत मिळवण्याचे कलम २३ आहे, आणि निराधारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात किमान १५० जणांच्या सोयीचे वृद्धाश्रम सरकारने उभारावेत असेही कलम १९ मध्ये आहे. पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी केंद्रात रात्री किती मावशी असाव्यात, याबद्दल त्यात एक शब्द नाही. नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले, आणि संमत न होताच २०२४ मध्ये लोकसभेबरोबर बाद झाले. त्यामुळे हातात राहतो तो आपण सही केलेला करार आणि, पैसे देऊन घेतलेली सेवा म्हणून, ग्राहक आयोगाचा मार्ग. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक मी आमच्या मजल्याच्या सूचनाफलकावर लावायला सांगितला. तीन वेळा सांगावे लागले, पण लावला.

आमच्या करारात पडण्याची जबाबदारी केंद्राची नाही असे एक कलम आहे, आणि इस्पितळात हलवण्याचा निर्णय नातेवाइकांचा फोन न लागल्यास केंद्राचा, असे दुसरे. दुसरे मला रास्त वाटते. पहिल्याखाली मी ‘पलंगाचा कठडा लावलेला नसल्यास हे लागू नाही’ असे हाताने लिहून संचालकांची सही घेतली. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, पण सही केली.

स्वच्छता, जेवण, दिवसपाळी आणि मेट्रनबाईंचा प्रामाणिकपणा यांसाठी मी या केंद्राला चांगलेच म्हणेन. डॉक्टरांची सेवा अपुरी आहे. बिले गचाळ आहेत. रात्रीचे मनुष्यबळ अजिबात पुरेसे नाही, आणि जे आहे ते टिकवण्यासाठी व्यवस्थापन काही करत असल्याचे मला दिसले नाही. नऊ महिने राहिलेल्या त्या मावशीने जूनमध्ये नोकरी सोडली, तेव्हा तिच्या पगारात दीड हजाराची वाढ मागितली होती आणि ती नाकारली गेली, असे तिने जाताना सांगितले. आम्ही तीन-चार कुटुंबांनी ती वाढ आमच्या बिलात घाला, असे लेखी कळवले. तसे नियमात बसत नाही, असे उत्तर आले.

आईला तिथून हलवावे का, यावर दादा आणि मी दोनदा बसलो. बाणेरजवळची दोन आणि तळेगावकडचे एक, अशी तीन केंद्रे पाहून आलो, या वेळी रात्री साडेनऊला जाऊन. एका ठिकाणी फाटकच उघडले नाही. दुसऱ्या ठिकाणी सव्वीस जणांमागे दोन मावशी होत्या. तिसरे बरे होते, पण तिथे प्रतीक्षायादी आहे. नाव घालून आलो आहोत.

तोपर्यंत आई आहे तिथेच आहे. नवी मुलगी एक तारखेला रुजू झाली. मी आईच्या पलंगाच्या डोक्याशी एक जाड कागद चिकटवला आहे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: ‘या रात्री नंबर विचारतात. यांना बाई म्हणावे. लाइन बिझी आहे, लागली की उठवते, असे सांगावे.’ मागच्या रविवारी गेले तेव्हा त्याखाली त्या मुलीने पेन्सिलीने एक ओळ वाढवलेली दिसली: ‘कोल्हापूर मागितल्यास, दहा मिनिटांनी लागेल म्हणावे.’