एक्सेल मॅक्रोने निवडक ओळी एका फाइलमधून दुसरीत टाकणं: सात महिने वापरून झाल्यावर

दर आठवड्याला माझ्याकडे सात-आठ एक्सेल फाइल्स येतात आणि त्यातल्या काही ओळी, सगळ्या नाही, बघून बघून निवडलेल्या, एका मोठ्या फाइलमध्ये खाली खाली जोडत जायच्या असतात. दोन वर्षं हे हातानेच केलं. कंट्रोल सी, दुसरी फाइल, खाली जा, कंट्रोल व्ही, परत पहिली फाइल, आता कुठल्या ओळीवर होतो मी? शेवटी वैतागून मॅक्रोच्या, म्हणजे एक्सेलकडून कामं आपोआप करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या नादी लागलो, त्याला आता सात महिने झाले, तर म्हटलं लिहून टाकू.

आधीच सांगतो, वापरा. तासाभराचं काम दोन-तीन मिनिटांवर आलंय माझं. फक्त पहिल्या दिवशी खऱ्या फाइलवर चालवू नका, मी चालवला, त्याचं पुढे सांगतोच.

सुरुवात सगळेच रेकॉर्डरपासून करतात. रेकॉर्ड मॅक्रो दाबायचं, एकदा हाताने कॉपी-पेस्ट करून दाखवायचं, थांबवायचं, झाला मॅक्रो तयार. भारी वाटतं राव, पण दुसऱ्या आठवड्यात फुगा फुटतो, कारण त्याने लिहून काय ठेवलेलं असतं, तर ५ ते ९ या ओळी घे, अमुक नावाची विंडो पुढे आण, ए४२ ला पेस्ट कर. आता या आठवड्यात ओळी वेगळ्या असल्या तरी तो ५ ते ९च उचलणार आणि ए४२ वरच नेऊन टाकणार, म्हणजे मागच्या आठवड्याच्या डोक्यावर! आणि फाइलच्या नावात तारीख असेल तर तिथपर्यंत जातही नाही, आधीच रनटाइम एरर ९, सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज. या एररचा साधा अर्थ इतकाच की ज्या नावाची फाइल किंवा शीट तू मागतोयस ती उघडी नाहीये किंवा त्या नावाची नाहीये. रिलेटिव्ह रेफरन्सेसचं बटण आहे, पण ते कर्सर कुठे होता तिथून मोजतं, आपल्या कामाला फार उपयोग नाही. रेकॉर्डर मी आता फक्त शब्द शोधायला वापरतो, म्हणजे अमुक गोष्टीला कोडमध्ये काय म्हणतात ते बघायला. बाकी ऑल्ट एफ११ दाबून कोडची खिडकी उघडायची आणि स्वतःच लिहायचं, वीसेक ओळींचा तर मामला आहे.

आता ती 'निवडलेल्या ओळी' वाली गंमत. मी कंट्रोल दाबून ओळ ३, ओळ ७ आणि १२ ते १४ अशा पाच निवडल्या, मॅक्रोला विचारलं सिलेक्शनमध्ये किती ओळी, तो म्हणाला १. अर्धा दिवस गेला यात. तुटक निवड केली की एक्सेल तिचे तुकडे धरतं, त्यांना एरियाज म्हणतात, आणि ओळी मोजणारी Rows.Count ही आज्ञा फक्त पहिल्या तुकड्यापुरतं उत्तर देते. म्हणजे प्रत्येक एरियावर एक लूप (तेच काम एकेकावर परत परत करणं) आणि त्याच्या आत प्रत्येक ओळीवर लूप, असं करावं लागतं. एकदा कळलं की सोपं आहे, पण कळेपर्यंत मॅक्रो चार ओळी गुपचूप सोडत राहतो आणि एररही देत नाही.

आणि आता मुख्य कांड. पुढची रिकामी ओळ कुठली हे शोधायला सगळे एकच युक्ती वापरतात, शीटच्या तळाला जायचं (२००७ पासून १०,४८,५७६ ओळी, त्याआधी ६५,५३६ होत्या) आणि तिथून एंड-अप (कंट्रोल आणि वरचा बाण दाबल्यासारखं) करत वर यायचं, जिथे पहिला भरलेला सेल लागेल त्याच्या खाली पेस्ट. मस्त चालतं. फक्त मोठ्या फाइलमध्ये मीच फिल्टर लावून ठेवलेला आणि विसरलेलो. एंड-अप लपलेल्या ओळी मोजतच नाही, तो शेवटच्या *दिसणाऱ्या* ओळीवर येऊन थांबला आणि माझ्या नव्या ओळी लपलेल्या जुन्या ओळींवर जाऊन बसल्या. काही एरर नाही, काही नाही. दोन दिवसांनी एक आकडा जुळेना तेव्हा लक्षात आलं. कंट्रोल झेड? मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की एक्सेल अनडूची यादीच पुसून टाकतं, तेव्हा तो विषय संपला. मेलमध्ये जुनी कॉपी होती म्हणून वाचलो. आता माझ्या मॅक्रोचं पहिलं काम म्हणजे समोरच्या शीटवर फिल्टर चालू आहे का बघून सगळा डेटा दाखवणं, आणि त्याच्याही आधी फाइलची एक कॉपी सेव्ह करणं.

फाइलींची नावं हा अजून एक डोक्याला ताप. मॅक्रोने दुसरी फाइल उघडली की ती ॲक्टिव्ह होते, त्यामुळे कोडमधलं ॲक्टिव्हवर्कबुक (पुढे असलेली फाइल) म्हणजे आत्तापर्यंत एक फाइल होती ती एका ओळीनंतर वेगळीच होते. मग कोणीतरी सांगतं थिसवर्कबुक वापर, ते ठीक, पण थिसवर्कबुक म्हणजे जिच्यात मॅक्रो लिहिलाय ती फाइल, आणि मॅक्रो जर पर्सनल वर्कबुकमध्ये, म्हणजे एक्सेलबरोबर मागे आपोआप उघडणाऱ्या फाइलमध्ये ठेवला असेल तर तुमच्या ओळी त्या लपलेल्या पर्सनल फाइलमध्ये जातात, शोधत बसा. सरळ दोन व्हेरिएबल (कोडमधली नावं) करा, एक कुठून आणि एक कुठे, आणि उघडल्या उघडल्या त्यात धरून ठेवा.

याहून विचित्र एक आहे. मॅक्रोला शॉर्टकट कंट्रोल शिफ्ट आणि एखादं अक्षर असा दिलात तर मॅक्रो दुसरी फाइल उघडतो आणि तिथेच मुकाट बंद पडतो. बटणावरून चालवला तर नीट चालतो! कारण शिफ्ट दाबून फाइल उघडणं म्हणजे एक्सेलच्या हिशोबाने 'मॅक्रो चालवू नको'. शॉर्टकटमधून शिफ्ट काढून टाका, झालं.

फॉर्म्युले असलेली ओळ तशीच कॉपी केलीत तर दुसऱ्या शीटवरून आकडे घेणारे फॉर्म्युले जुन्या फाइलकडे बोट दाखवत राहतात आणि मग प्रत्येक वेळी फाइल उघडताना लिंक्स अपडेट करू का म्हणून विचारणा. त्यापेक्षा व्हॅल्यूज पेस्ट करा, पण नुसत्या व्हॅल्यूज टाकल्या की तारखांच्या जागी पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांतले आकडे दिसू शकतात, म्हणून व्हॅल्यूज आणि नंबर फॉरमॅट हा पर्याय घ्यायचा. आणि कोडमध्ये ओळ क्रमांक ठेवायला इंटिजर हा आकड्याचा प्रकार नको, लाँग हा मोठा प्रकार घ्या, इंटिजर ३२,७६७ ला दम टाकतो.

नावडलेलं म्हणाल तर परवानग्यांची कटकट. फाइल एक्सएलएसएम म्हणून सेव्ह करायची, एक्सएलएसएक्स केलीत तर मॅक्रो उडाला. २०२२ पासून नेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो बाय डिफॉल्ट ब्लॉक असतात, म्हणजे सहकाऱ्याला मेल केला की आधी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक कर हे फोनवर समजवा. सुरक्षेसाठी बरोबरच आहे ते, पण कंटाळा येतो. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालतच नाहीत.

एक प्रामाणिकपणे सांगतो, तुमची निवड जर ठरलेल्या नियमावर असेल, म्हणजे अमुक कॉलममध्ये 'बाकी' असेल तेवढ्याच ओळी घ्या, तर मॅक्रो लिहूच नका. २०१६ पासून पॉवर क्वेरी हे फाइलींमधला डेटा गोळा करणारं साधन एक्सेलमध्येच आहे, डेटा टॅबमध्ये, फोल्डर दाखवा, फिल्टर लावा, पुढच्या वेळी नुसतं रिफ्रेश, आणि ते मूळ फाइलींना हात लावत नाही. माझी निवड डोळ्याने होते, शेरे वाचून, म्हणून मला मॅक्रोच लागतो.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो अनडूसाठी. सध्या माझा मॅक्रो शेवटी एक छोटा मेसेज दाखवतो, निवडल्या १४, पोचल्या १४, आणि दोन आकडे वेगळे निघाले तर सेव्ह न करता फाइल बंद करतो.