हवाबंद डब्यात पावसाळाभर पीठ: ब्रेड करणाऱ्यांसाठी वापरानंतरचा अनुभव

मे महिन्यात घेतलेला हा डबा. आता दिवाळी उलटून गेली, म्हणजे कोकणातला अख्खा पावसाळा त्याने काढलाय. दहा लिटरचा, पारदर्शक प्लॅस्टिकचा, झाकणाला सिलिकॉनची रिंग आणि चारी बाजूंना खटके. आमचं घर मालवणजवळ, समुद्र हाकेवर. जून लागला की इथे मिठाला पाणी सुटतं, पापड नरमतात, पत्र्याच्या डब्याचा बुडखा गंजतो. घरी ब्रेड-पाव नेहमीचा, त्यामुळे मैदा आणि कणीक दोन्ही कायम भरलेली लागतात. पाचपैकी साडेतीन तारे देतेय. अर्धा कुठे कापला आणि एक कुठे, ते पुढे येईलच.

मैद्यासाठी डबा एक नंबर. मैद्यात कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला असतो, तेल नावाला उरतं, त्यामुळे तो सहसा लवकर खवट होत नाही. त्याला जपायचं ते ओल आणि किडे यांच्यापासून. ऐन आषाढातही डब्यातला मैदा चमच्यावरून भुरभुर सुटत होता. पाव करणाऱ्याला हे का महत्त्वाचं? पिठातली ओल बारा टक्क्यांवरून चौदावर गेली, तर अर्धा किलो मैद्यात दहा ग्रॅम पाणी जास्तीचं आलेलंच असतं. त्यात आपण ठरलेल्या मापाने पाणी ओतायचं, मग पीठ हाताला चिकटणार, पाव वर चढायच्या ऐवजी आडवा पसरणार. डब्यातल्या मैद्याला उन्हाळ्यातलं माप पावसातही चाललं.

दुसरा फायदा वासाचा. पावसाळ्याची बेगमी म्हणून आमच्या कपाटात सुकट आणि सुके बांगडे असतात आणि पीठ शेजारचा वास पटकन ओढून घेतं. मला स्वतःला बांगड्याच्या वासाचा पाव चालतोही, पण पाहुण्यांच्या पुढ्यात कसा ठेवणार?

कणकेच्या बाबतीत मात्र डब्याची जाहिरात एक सांगते आणि पीठ दुसरंच. कणकेत गव्हाचा अंकुर असतो, अंकुरात तेल. दळलं की ते तेल मोकळं होतं. पिठातलंच लायपेज नावाचं विकर ते फोडतं, हवा लागून ते खवटतं. झाकण घट्ट असलं तरी आतली हवा कुठे जाते? डबा निम्मा रिकामा झाला की निम्मी हवाच उरते. तीन-चार आठवड्यांच्या कणकेचा ब्रेड जिभेच्या मागे कडसर लागायचा, कमी फुगायचा. पोळीत हे खपून जातं, वर तूप असतं. ब्रेडमध्ये नाही. म्हणून कणीक आता थोडी थोडीच दळून आणते.

गिरणीवरून आणलेलं पीठ गरम असतं, ते तसंच डब्यात भरू नका. शेजारी एकीने भरलं होतं. झाकणाच्या आत थेंब धरले, रिंगेलगत पिठाची ओली कड झाली आणि काही दिवसांत तिथे हिरवट बुरशी. आमचे गिरणवाले काका म्हणतात, “डबो कितीव म्हागाचो घे, पीठच ओला असला तर तो काय करतलो?” आधी कागदावर पसरून पूर्ण गार करायचं, मगच झाकण.

किड्यांचंही तेच. अंडी पिठातून आली असतील तर डबा त्यांना आतच जपतो, तमालपत्र टाकून ती मरत नाहीत. आणलेली मैद्याची पिशवी मी तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते आणि बाहेर काढल्यावर न फोडता आधी खोलीच्या तापमानाला येऊ देते, नाहीतर थंड पिठावर दमट हवेची ओल बसते. अर्थात हे वीज टिकली तर. पिठात बारीक तांबडे किडे माजले तर ते पीठ चाळून वापरायच्या भानगडीत पडू नका. ते किडे उग्र वासाचा स्राव सोडतात, पीठ गुलाबीसर दिसू लागतं, मळलेल्या गोळ्याचा ताण जातो.

डब्याने सुटत नाही अशी एक गोष्ट म्हणजे ब्रेडला तार सुटणं. गणपतीच्या दिवसांत एक ब्रेड दुसऱ्या दिवशी कापला, तर मधला भाग चिकट, बोटांनी दोन तुकडे ओढले की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, आणि उतरलेल्या अननसाचा गोडूस वास. हा बॅसिलस जातीच्या जंतूंचा प्रताप. त्यांचे बीजाणू पिठातूनच येतात, भट्टीतही तग धरतात आणि उबदार दमट हवेत वाढतात. त्यावर उपाय आंबटपणाचा. पावसाळ्यात मी पीठ मळताना थोडं व्हिनेगर नाहीतर दही घालते आणि ब्रेड पूर्ण निवल्याशिवाय झाकत नाही.

आता डब्याच्या तक्रारी. रिंगेच्या खाचेत पीठ अडकतं, ती दर वेळी काढून, धुऊन, कोरडी करून बसवावी लागते, नाहीतर किडे तिथेच घर करतात. सप्टेंबरात एक खटका तुटला. विकणाऱ्याला विचारलं तर सुटा खटका मिळत नाही, नवीन झाकणच घ्या म्हणाले, आणि झाकणाची किंमत जवळजवळ डब्याएवढी. तीन खटक्यांवर झाकण त्या कोपऱ्यात उचललं जातं. मी तिथे वरवंटा ठेवते.

घेणार असाल तर दहाचा एक घेण्यापेक्षा पाच लिटरचे दोन घ्या. दहाच्यात साडेपाच-सहा किलो मैदा मावतो, छोट्या घरात तो संपेपर्यंत रोज उघडझाप आणि रोज दमट हवा आत. तांदळाच्या पिठासाठी मात्र घेऊच नका. ते शिळं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. आम्ही ते लागेल तसं दळून आणतो आणि साध्या स्टीलच्या डब्यात ठेवतो.